जलतरण तलाव बांधायला पैसे आहेत, चालवायला का नाहीत?

पाणकोंबडी (धागाकर्ती)

आमच्या महापालिकेचा जलतरण तलाव गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून 'दुरुस्तीच्या कामास्तव' बंद आहे. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही. पश्चिम महाराष्ट्रातली 'ड' वर्ग महापालिका, एवढं पुरे. दुरुस्ती कशी चाललीये ते गेटच्या फटीतून दिसतं. टाइल्सच्या सांध्यांत पिंपळ उगवलाय आणि डायव्हिंग बोर्डावर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात.

तेही सोडा. मागच्या महिन्यात रिंग रोडला दुसऱ्या तलावाचं भूमिपूजन झालं. सोबत बॅडमिंटन हॉल, ओपन जिम, ज्येष्ठ नागरिक कट्टा, कारंजं. फ्लेक्सवर एवढे फोटो की मजकूर शोधावा लागतो. म्हणजे असलेला तलाव चालवता येईना म्हणून बंद, आणि नवा बांधायला निधी हजर!

चौकशीला गेले. क्रीडा विभाग म्हणाला, आमच्याकडे फक्त बॅचेस आणि पासेस, दुरुस्ती स्थापत्यकडे. स्थापत्यवाले म्हणाले, टाइल्सचं एस्टिमेट आम्ही केलंय, पण आधी मोटारी आणि फिल्टर बदलायला हवेत, ते विद्युतकडे. विद्युतवाल्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "मॅडम, आमच्या लेखाशीर्षात तरतूदच नाही." म्हणजे अंदाजपत्रकात त्यांच्या नावावर या कामासाठी पैसेच नाहीत.

इथं महापालिकेत काम केलेले, ठेकेदारी जवळून पाहिलेले बरेच जण आहेत. हे सगळं नक्की चालतं कसं? कोण ठरवतं, कुठल्या पैशातून होतं आणि माझ्यासारखीनं नेमकं कुणाच्या टेबलावर जाऊन बसायचं?

सुमार_खेळाडू

चहा पाजला? भाग्यवान आहात. आमच्याकडे साहेब साइटवर असतात.

माजी_ओव्हरसियर

पाणकोंबडीताई, तिन्ही खात्यांनी जे सांगितलं ते तिघांचंही खरं आहे, तिथंच गोम आहे. मी एका महापालिकेत (तुमच्या नव्हे) कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. थोडं सविस्तर लिहितो.

तलाव ही तुमच्या-माझ्या दृष्टीनं एक वस्तू. महापालिकेच्या दप्तरात ती पाच ठिकाणी विखुरलेली असते. टाकी, इमारत, कंपाउंड स्थापत्यकडे. पंप, फिल्टर, दिवे विद्युतकडे. पास, प्रशिक्षक, जीवरक्षक क्रीडाकडे. भोवतालची हिरवळ उद्यानकडे. आणि तो कुणाला चालवायला दिला असेल तर करारनामा मालमत्ता विभागाकडे. हे सगळं जोडून उत्तर देणारा एक माणूस कुठल्याच आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) मी पाहिला नाही. 'तलाव व्यवस्थापक' म्हणून कुठं पाटी असली तर तो बहुधा क्रीडा विभागाचा लिपिक असतो आणि त्याला हजार रुपयांचा व्हॉल्व्ह आणायचा तरी वर टिपणी पाठवावी लागते.

आता पैशाचं. अंदाजपत्रकात दोन कप्पे: भांडवली आणि महसुली. नवं बांधकाम भांडवलीत. पगार, वीजबिल, क्लोरीन, किरकोळ दुरुस्ती महसुलीत. भांडवली कामाला निधी बाहेरूनही मिळतो, राज्य सरकारच्या योजना आहेत, जिल्हा नियोजन समिती आहे, आमदार-खासदारांचा निधी आहे. महसुली खर्च मात्र महापालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातून भागवायचा. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि तोही गेला, तेव्हापासून जीएसटीच्या भरपाई अनुदानाकडे डोळे लावून बसायचं. पगार-पेन्शन, पाणी, कचरा यातच ते आटतं. म्हणून 'बांधायला आहेत, चालवायला नाहीत' हे तुम्हाला विचित्र वाटतं, लेखा विभागाला अजिबात नाही. त्यांच्या लेखी हे दोन वेगळे खिसे.

कायद्यातही मेख आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम ६३ बघा: रस्ते, गटारं, दिवाबत्ती, साफसफाई, पाणीपुरवठा ही बंधनकारक कर्तव्यं. कलम ६६ मध्ये येतात ऐच्छिक: उद्यानं, क्रीडांगणं, पोहण्याचे तलाव आणि (हसू नका) लोकांसाठी संगीताची सोय. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली. तिच्या १८ विषयांत बागा, उद्यानं, मैदानं आहेत. पण यादीत नाव आलं म्हणून तिजोरीत पैसे येत नाहीत. ऐच्छिक ते ऐच्छिकच. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री इथं.

कामाचा प्रवास थोडक्यात: कनिष्ठ अभियंता दरसूचीवरून पूर्वगणनपत्रक (म्हणजे एस्टिमेट) करतो, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, मोठं काम असेल तर स्थायी समिती, मग कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी हुकूम. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत मोजमापं चढतात, त्यावर रनिंग बिलं निघतात. यात भूमिपूजन कुठंच बसत नाही, तो आपला वेगळाच संस्कार.

राहिला तुमचा तलाव. माझा अंदाज सांगतो: दुखणं टाइल्सचं नाही, फिल्टर रूमचं आहे. त्यावर रात्री लिहितो.

ठेकेदाराचा_भाचा

ओव्हरसियर काकांनी आमची बाजू सोडली, ती मी मांडतो. मामाकडे नोंदणीकृत मक्तेदार म्हणून बरीच वर्षं कामं आहेत.

निविदा भरताना सगळे बिलो जातात, म्हणजे एस्टिमेटपेक्षा कमी दर भरतात. पंचवीस-तीस टक्के बिलो गेलेली कामं मी डोळ्यांनी पाहिलीत. जास्त बिलो गेलं की जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, तरी लोक जातात, कारण यंत्रसामग्री आणि माणसं बसवून ठेवणं त्याहून महाग. आता एवढ्या कमी दरात काम घेतल्यावर ते कुठून भरून काढणार? सिव्हिलमध्ये जागा असते. मशिनरीत नसते, पंप तो पंपच. म्हणून तलावाच्या निविदेत सगळ्यात हलकी वस्तू कुठली लागत असेल तर ती फिल्टरची पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह. जमिनीखाली गेलं की कोण बघतो?

दुसरं, बिलं. मार्चअखेर नाही निघालं तर पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून 'दायित्व' म्हणून निघतं, आणि तेव्हा त्या तरतुदीवर आणखी चार जण टपलेले असतात. देखभालीची छोटी कामं घ्यायला आम्ही नाखूश असतो ते यासाठी. दोन लाखांच्या कामाला फाइलीमागे तेवढंच फिरायचं, जेवढं दोन कोटींच्या.

शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण खरं हेच आहे.

पेठकरी

शिव्या नाही, उलट आभार. सरळ लिहिलंत.

पुण्यातलं सांगतो. इथं सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे 'वर्गीकरण'. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली तरतूद मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवायची. कायदेशीर आहे, समितीची मान्यता लागते, मिळते. दिवाळीनंतर वर्गीकरणाच्या प्रस्तावांचा पाऊस पडतो आणि देखभालीच्या तरतुदी प्रभागातल्या पेव्हिंग ब्लॉकमध्ये, कमानींत आणि नामफलकांत जिरतात. त्यात नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची 'स' यादी वेगळी. पदपथावरचे धड ब्लॉक उखडून नवे बसवताना पाहिलेत ना? बहुतेक तिथलेच.

पाणकोंबडी, तुमच्या विद्युत विभागाच्या लेखाशीर्षात तरतूद 'नाही' की 'नव्हती' की 'होती आणि गेली', हे आधी शोधा. या तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पुणे महापालिकेचं एक चांगलंही सांगतो, नाहीतर म्हणाल पुणेकर फक्त खोड्या काढतात. २००६ पासून इथं नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक होतं. आपण अर्ज भरून प्रभागातलं काम सुचवायचं, एका कामाला ५ लाखांची मर्यादा. बाकं, दिवे, पदपथ, उद्यानातलं स्वच्छतागृह असली कामं त्यात बसतात. किती सूचना प्रत्यक्षात उतरतात त्यावर बोलायला वेगळा धागा लागेल. पण आपलं काम छापील अंदाजपत्रकात नावानिशी आलं की जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) फोन करताना आवाजात जोर येतो.

मधुरा_त

सगळे पैशाचं आणि फायलींचं बोलताय, जरा आत येऊन बघा.

माझी मुलगी पोहते. आमच्याकडचा तलाव खाजगी संस्थेला चालवायला दिलाय, म्हणजे कागदावर महापालिकेचा आणि व्यवहारात त्यांचा. महिलांची बॅच एकच, तीही दुपारी. नोकरी करणारीनं कधी जायचं? चेंजिंग रूमला कडी नाही, आम्ही आळीपाळीनं दार धरून उभ्या राहतो. शॉवर तीन, पाणी एकाला. आणि सकाळच्या सगळ्या चांगल्या वेळा संस्थेच्या 'कोचिंग'ला, ज्याची फी महापालिकेच्या दरफलकावर नाहीच. गेटवर दरफलक लावायचा असतो म्हणे. आहे, पण ऊसाच्या रसाच्या गाड्यामागे.

तक्रार केली तर महापालिका म्हणते संस्थेला विचारा, संस्था म्हणते आम्ही महापालिकेला भाडं भरतो. त्यामुळे मला या धाग्यात कुणी 'खाजगी करा, सगळं सुधारेल' म्हटलं की डोक्यात जातं.

शिवाजीपार्ककर

मधुरा, पूर्ण सहमत. मुंबईत हाच खेळ मैदानांवर झालाय. मोकळे भूखंड संस्थांना 'दत्तक' द्यायचे, त्यांनी देखभाल करायची, लोकांसाठी खुलं ठेवायचं, असं धोरण. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काही ठिकाणी क्लब उभे राहिले, सदस्यत्वाशिवाय आत पाऊल टाकता येईना. जानेवारी २०१६ मध्ये पालिकेच्या सभागृहानं नवं दत्तक धोरण मंजूर केलं, त्यावर एवढा आरडाओरडा झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि आधी दिलेले दोनशेहून जास्त भूखंड परत घ्यायचं ठरलं. २०२३ मध्ये पुन्हा मसुदा आला, पुन्हा हरकती. म्हणजे पालिकेला देखभाल स्वतःच्या अंगावर नकोच आहे, हे दर काही वर्षांनी सिद्ध होतं.

आणि मैदान टिकवणं हाही प्रकार सोपा नाही. आमचं शिवाजी पार्क १९२५ चं, जवळजवळ २८ एकर. मध्यंतरी लाल माती टाकली, ती उडून आजूबाजूच्या घरांत जायला लागली. खिडक्या उघडायची सोय नाही. मग गवत लावा, पाणी मारा, त्यासाठी पर्जन्यजल साठवायला विहिरी करा, सगळं झालं. पण गवत रोज पाणी मागतं आणि क्रिकेट, सभा, मेळावे गवत जगू देत नाहीत. खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षाला ४५ दिवस आहेत. मंडप उभारताना पाडलेले खड्डे बुजवणार कोण, हा वाद मी लहानपणापासून ऐकतोय.

अवांतर: आरक्षण असलेली मैदानंसुद्धा हातची जातात. विकास आराखड्यात जागा मैदानासाठी राखीव असते, पण दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, पुढच्या २४ महिन्यांत पालिकेनं हालचाल केली नाही की आरक्षण रद्द. नोटीस कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली याची चौकशी नंतर आरामात होते.

माजी_ओव्हरसियर

रात्री लिहितो म्हणालो होतो, घ्या.

समजा तलाव २५ मीटर बाय साडेबारा मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. पाणी झालं सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर. हे सगळं पाणी साधारण चार ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं. फिल्टर म्हणजे पोलादी उभं पिंप, आत वाळूचे थर. वर आणि खाली एकेक दाबमापक. दोन्ही काट्यांतला फरक वाढला की समजायचं, वाळूत घाण बसली. मग पाणी उलट सोडून ती धुवायची, बॅकवॉश. काही वर्षांनी वाळूच बदलायची. बस, एवढंच शास्त्र. मी तपासणीला जाईन त्या फिल्टर रूममध्ये आधी ते दोन काटे बघायचो. दोन्ही शून्यावर चिकटलेले दिसले की पुढचं सगळं न बघता कळायचं.

आता घसरण कशी होते ते बघा. वीजबिल जास्त आलं म्हणून लेखा विभाग शेरा मारतो. मग पंप फक्त बॅचच्या वेळात चालवायचा. ऑपरेटर बाह्यस्रोताचा, एकाच पाळीला. दुपारी तो घरी. पाणी फिरलं नाही की शेवाळ धरतं, हिरवं होतं. हिरवं दिसू नये म्हणून क्लोरीन पावडर बादलीनं ओतायची. पोरांचे डोळे चुरचुरतात, अंगावर चट्टे उठतात. पालक मुलं काढून घेतात. पासची विक्री घसरते. वर्षअखेर फाइलीवर शेरा पडतो: 'सदर तलाव तोट्यात चालत असून...' आणि त्याच टिपणीचा पुढचा परिच्छेद असतो खाजगी संस्थेस भाडेतत्त्वावर देण्याचा. वीज वाचवली किती? आणि गमावलं किती? हा हिशेब एका पानावर मांडलेला मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

ठेकेदाराच्या भाच्याला: व्हॉल्व्हचं बरोबर बोललात. दोषदायित्व कालावधीत (काम झाल्यावर दोषांची जबाबदारी मक्तेदारावर असते त्या मुदतीत) पंप बिघडला तर दुरुस्ती मक्तेदाराचीच, पण त्याला पत्र कोण देणार? स्थापत्य म्हणतं विद्युतनं द्यावं. मुदत निघून जाते.

टोरांटोचा_गोट्या

कॅनडातून लिहितोय, 'आमच्याकडे बघा' असा सूर लागला तर माफ करा. एकच गोष्ट घेण्यासारखी वाटते म्हणून लिहितो. टोरांटो शहराच्या अंदाजपत्रकात भांडवली प्रकल्प मांडताना तो पुरा झाल्यावर चालवायला दरसाल किती खर्च वाढेल, किती माणसं लागतील, हेही मांडतात. त्यामुळे नव्या कम्युनिटी सेंटरला हात वर करणाऱ्या नगरसेवकाला पुढच्या वर्षांचं बिलही दिसतं. काही केंद्रांत कार्यक्रम फुकट, बाकीकडे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना फीसाठी सवलत मिळते.

बाकी कटकटी इथंही आहेत. जीवरक्षक मिळेनात म्हणून तलावाचे तास कमी केलेले मी पाहिलेत.

सुमार_खेळाडू

गोट्या, तिथला मालमत्ता कर सांग आधी, मग बोलू.

टोरांटोचा_गोट्या

भरताना रडू येतं. पण पोहायला मिळतं.

रंकाळाकाठ

कोल्हापूरकर हजर. तलावावर चर्चा चालली आहे ती बरोबर हाय, पण मैदानाचं दुखणं बऱ्याचदा मैदानात नसतंयच. आमचं गांधी मैदान बघा. सभा, क्रिकेट, पोरांची सायकल शिकायची जागा, सगळं तिथंच. पावसाळा लागला की पाणी तुंबतंय, ते बी नुसतं पावसाचं न्हवं. मैदान सखल, आजूबाजूच्या पेठांचं पाणी उताराला तिकडंच येणार. आता यात क्रीडा विभाग काय करणार? मैदानात मुरूम टाकून सपाटी करायची कामं कितीबी काढा, ड्रेनेज सुधारल्याशिवाय पहिल्या पावसात सगळं जैसे थे. पण ड्रेनेजचं काम जमिनीखाली, दिसत न्हाई. मुरूम दिसतोय, वर फोटो काढता येतोय.

आणखी एक. मुंबई-पुण्यात प्रशासक आला मार्च २०२२ मध्ये. आमच्याकडं आणि नवी मुंबईत २०२० पासूनच. निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये. एवढी वर्षं स्थायी समिती न्हाई, सभागृह न्हाई, प्रश्न विचारायला माणूस न्हाई. आता निवडून आलेल्यांना पाच वर्षांची भूक एकदम लागलीय, भूमिपूजनं धडाधड होणारच की.

पेठकरी

रंकाळाकाठ, भूक शब्द आवडला.

खरं म्हणजे वॉर्डातल्या लोकांनी बसून बोलायची जागा कायद्यातच आहे. २००९ मध्ये अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद केली, मतदारांच्या सभा घ्यायच्या, वॉर्डातल्या कामांचा अग्रक्रम तिथं सुचवायचा. जेएनएनयूआरएमचे (केंद्राच्या शहर विकास योजनेचे) पैसे घ्यायचे तर अट होती म्हणून केली. तुमच्यापैकी कुणी क्षेत्रसभेला बसलंय? मी तरी नाही बसलो आणि बसलेला माणूसही भेटला नाही.

मधुरा_त

मग उपाय काय? महापालिका चालवत नाही, संस्था लुटते. मधलं काही आहे का?

शिवाजीपार्ककर

मधला एक नमुना आहे, त्याची वाहवा करत नाही, माहिती म्हणून सांगतो. अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल आणि मुलुंडचं प्रियदर्शिनी संकुल पालिकेनं थेट चालवायला ठेवलं नाही, क्लबालाही दिलं नाही. बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान नावाचा पालिकेचाच न्यास ते बघतो. निदान उत्तर द्यायला एक पत्ता आहे. पाच खात्यांत फिरावं लागत नाही.

माजी_ओव्हरसियर

न्यास केला तरी अध्यक्षस्थानी कोण आणि लेखापरीक्षण कोण करणार यावर सगळं आलं. छोट्या महापालिकेत तो पुढाऱ्याच्या मेव्हण्याच्या हाती जायला वेळ लागत नाही.

भाड्यानं द्यायला माझा तत्त्वतः विरोध नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ खाली मालमत्ता भाड्यानं देता येते, त्याची पद्धत ठरलेली आहे. माझा आक्षेप करारनाम्याला आहे. बहुतेक करारांत भाडं किती, मुदत किती, अनामत किती एवढंच नीट लिहिलेलं असतं. पाण्याची तपासणी किती दिवसांनी, कोणत्या प्रयोगशाळेकडून, जीवरक्षक किती, महापालिकेच्या दराच्या बॅचेस दिवसातून किती तास, महिलांच्या बॅचेस सकाळ-संध्याकाळ किती, वाळू कुणी बदलायची, करार संपताना पंप कोणत्या अवस्थेत परत द्यायचे, यातलं काही नसतं. मग मधुराताईंसारखी बाई तक्रार घेऊन गेली तर अधिकारी कशाच्या आधारे दंड करणार? करारातच नाही. मधुराताई, तुमच्या तलावाचा करारनामा आधी मिळवा. कोचिंगच्या वेळा त्यात लिहिल्या नसतील तर तोच मुद्दा धरा: परवानगी नसलेला वापर.

पेठकरी

माहिती अधिकारात प्रतींसाठी थांबू नका, अवलोकन मागा, म्हणजे तिथंच बसून फाइल बघायची. पुणे महापालिकेत बरीच वर्षं सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्ज न करता फायली बघायला मिळायच्या. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांसाठीही तसं परिपत्रक काढलं. तुमच्याकडे त्या परिपत्रकाची कुणी ओळख दाखवली नाही तर साधा १० रुपयांचा अर्ज आहेच. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कागदांबरोबर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही अधिकार आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

पाणकोंबडी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं पुढं सरकलंय.

अवलोकनाला गेले. फाइल आधी 'सापडत नाहीये' होती, अपिलाचं नाव काढल्यावर सापडली. पेठकरी, तुमचा तिसरा पर्याय निघाला: तरतूद होती आणि गेली. 'जलतरण तलाव यंत्रसामग्री दुरुस्ती' असं लेखाशीर्ष होतं, त्यातली जवळजवळ सगळी रक्कम वर्गीकरणानं 'विविध ठिकाणी सुशोभीकरण करणे' या कामाला गेली. कुठली विविध ठिकाणं ते त्या कागदावर नाही. विद्युतवाले बिचारे खोटं बोलत नव्हते, त्यांच्यापर्यंत आलंच नाही काही.

नव्या तलावाचं पूर्वगणनपत्रकही बघितलं. कारंज्याच्या रंगीत दिव्यांचा तपशील दीड पान आहे. ओव्हरसियर काका, फिल्टरसाठी एक ओळ: 'फिल्ट्रेशन प्लांट, संपूर्ण, १ नग'. आणि बांधून झाल्यावर कोण चालवणार यावर एक शब्द नाही.

ठेकेदाराचा_भाचा

'संपूर्ण, १ नग' म्हणजे मक्तेदाराला मोकळं रान. क्षमता, फिरवण्याचे तास, वाळूची प्रतवारी, पाइपचा वर्ग, काहीच बंधन नाही. मामा ही ओळ वाचून खूश होईल. निविदा निघालीये का? नसेल निघाली तर आत्ताच अडवा, कार्यादेश गेल्यावर कुणी ऐकणार नाही.

पाणकोंबडी (धागाकर्ती)

नाही निघाली. भूमिपूजन झालंय फक्त!

रंकाळाकाठ

भले! नारळ आधी, निविदा मागनं.

माजी_ओव्हरसियर

मग वेळ आहे. अर्ज आयुक्तांच्या नावे, प्रती शहर अभियंता, मुख्य लेखापरीक्षक आणि स्थायी समिती सभापती. भाषा सरळ ठेवा, फ्लेक्स आणि फोटोंचा विषय काढू नका, त्यानं अर्ज राजकीय ठरतो आणि बाजूला पडतो. मजकूर असा काहीसा:

'रिंग रोड येथील नियोजित जलतरण तलावाच्या पूर्वगणनपत्रकात फिल्ट्रेशन प्लांटचे सविस्तर विनिर्देश नमूद नाहीत. निविदा प्रसिद्ध करण्यापूर्वी ते समाविष्ट करावेत. तसेच मक्तेदाराने किमान पाच वर्षे यंत्रसामग्रीचे परिचालन व देखभाल करण्याची अट निविदेत घालावी व त्यासाठी महसुली अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद दर्शवावी. विद्यमान तलावाच्या यंत्रसामग्री दुरुस्तीची वर्गीकरणाने वळवलेली तरतूद सुधारित अंदाजपत्रकात पूर्ववत करावी व तोपर्यंत नवीन तलावाची निविदा प्रसिद्ध करू नये.'

शेवटचं वाक्य मान्य होणार नाही. तरी टाका, घासाघीस करायला काहीतरी सोडायला लागतं.

मधुरा_त

त्यात महिलांच्या सकाळच्या बॅचचं आणि चेंजिंग रूमच्या कडीचंही टाका. एस्टिमेटमध्ये कड्या किती धरल्यात तेही बघून घ्या.

पाणकोंबडी (धागाकर्ती)

टाकते. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सह्या घेऊन मग देईन. टपाल खिडकीवर देऊ की थेट आयुक्तांच्या स्वीय सहायकांकडे?

पेठकरी

टपाल खिडकीवरच. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. स्वीय सहायकाकडे झेरॉक्स.